हेड्स-अप पोकरचा सराव: आधी क्रम, मग वही, मग सलग हार-जितीचा हिशेब

हेड्स-अप, म्हणजे समोरासमोर दोनच भिडूंचा पोकर, शिकणारे बहुतेक जण एकच चूक वेगवेगळ्या रूपांत करतात. चार सामने सलग जिंकले की आपली पद्धत बरोबर ठरली असे मानतात आणि चार सलग हरले की तीच पद्धत टाकून देतात. त्यामुळे वर्षभर खेळूनही एकही पद्धत पुरेशी तपासून झालेली नसते. पुढचा क्रम ही चूक टाळण्यासाठी आहे. खेळ नो-लिमिट टेक्सस होल्डेम (प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर दोघांचे सामाईक पाच पत्ते आणि पैजेला मर्यादा नाही) धरला आहे. पत्ते वाटल्यापासून पॉट, म्हणजे पैजेच्या चिप्सचा (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचा) मधला ढीग, कोणाकडे तरी जाईपर्यंतच्या खेळाला 'डाव' आणि एकाच्या सर्व चिप्स संपेपर्यंतच्या डावांना 'सामना' म्हटले आहे.

पैशांबद्दल आधी

भारतात ऑनलाइन पैसे लावून खेळण्याचा मार्ग या लेखात नाही. संसदेने मंजूर केलेल्या आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळले जाणारे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे गुन्हा ठरवले आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद या कायद्यापुढे गैरलागू आहे. परदेशी संकेतस्थळावर खाते उघडून देण्याची तयारी दाखवणाऱ्या 'एजंटा'पासून म्हणून दूर राहावे. तिथे अडकलेले पैसे परत मागायला दारच नसते. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंमधला टेबलावरचा खेळ हा वेगळा विषय आहे आणि तिथे सहसा अनेक भिडूंचे टेबल असते. जिथे परवानाधारक ऑनलाइन पोकर चालतो अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांनाही पहिले शंभर सामने मोफत चिप्सवरच खेळावे, असा माझा आग्रह आहे.

टप्पा १: बसण्यापूर्वीची तयारी

तयारीला चार गोष्टी लागतात: मोफत चिप्सचे दोघांचे टेबल, एक शंभर पानी वही, मोबाइलवरचा गजर आणि हातांच्या, म्हणजे पत्त्यांच्या जुळणीच्या, क्रमवारीचा कागद. शेवटची गोष्ट अनावश्यक वाटेल. पण दिवाळीत तीन पत्ती खेळून पोकरकडे आलेल्यांचे पहिले नुकसान इथेच होते. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये नेमके उलटे आहे. कारण सरळ मोजणीचे आहे: तीन पत्त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ बनतात, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ, पाच पत्त्यांत मात्र साधे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून कलर मोठा. एक्का-दुर्री-तिर्रीला तीन पत्तीत मान असतो; पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सर्वांत लहान सिक्वेन्स आहे. 'ब्लाइंड' या शब्दाचाही अर्थ बदलतो. इथे पत्ते न पाहता खेळण्याला नव्हे, तर पत्ते वाटण्याआधीच भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमेला ब्लाइंड म्हणतात.

टेबल निवडताना दोघांचाही स्टॅक, म्हणजे जवळच्या चिप्सचा साठा, १०० बिग ब्लाइंड (दोन ब्लाइंडपैकी मोठी रक्कम; लहान ती स्मॉल ब्लाइंड) इतका असावा. गजर चाळीस मिनिटांचा लावावा. हेड्स-अपमध्ये तासाला दीडशे-दोनशे डाव सहज होतात आणि जवळजवळ प्रत्येक डावात निर्णय घ्यावा लागतो, त्यामुळे थकवा सहा जणांच्या टेबलापेक्षा फार लवकर येतो.

सावधान: मोफत चिप्सला किंमत नाही म्हणून काहीही कॉल करण्याची, म्हणजे समोरच्याच्या पैजेइतके भरून खेळत राहण्याची, सवय लागते. ती मोडण्यासाठी रोजचा कोटा दोन स्टॅकचा ठरवावा. दोन्ही संपले की त्या दिवशीचा खेळ संपला, मग ॲपने आणखी चिप्स फुकट दिल्या तरीही. चिप्स विकत तर मुळीच घेऊ नयेत, आणि स्टॅक आपोआप भरण्याची सोय पहिल्याच दिवशी बंद करावी.

टप्पा २: बटन आणि बोलण्याचा क्रम

दोघांच्या खेळात बटन, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याची खूण, ज्याच्याकडे, तोच स्मॉल ब्लाइंड भरतो. पहिल्या दोन पत्त्यांवर तो आधी बोलतो, म्हणजे आपली चाल आधी सांगतो. फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) यांवर मात्र शेवटी बोलतो. मोठ्या टेबलावर स्मॉल ब्लाइंडची जागा वाईट मानली जाते. ती समजूत घेऊन हेड्स-अपला आलेला माणूस चांगल्या जागेवरून फोल्ड करत, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडत, बसतो आणि वाईट जागेवरून लढतो.

शेवटी बोलण्याचा फायदा मोजला गेला आहे. मर्यादित पैजेचा हेड्स-अप होल्डेम अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये संगणकाने जवळजवळ पूर्ण सोडवला. दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर बटनवाला प्रत्येक डावामागे सुमारे ०.०८८ बिग ब्लाइंड जिंकतो, असे त्यातून निघाले. म्हणजे बटनवरच्या शंभर डावांत जवळपास नऊ बिग ब्लाइंड, तेही केवळ जागेमुळे.

तपासणी: वीस डाव असे खेळावेत की पत्ते पाहण्याआधी 'आता मी आधी बोलणार, फ्लॉपपासून शेवटी' (बिग ब्लाइंडमध्ये असल्यास उलट) हे मनात म्हटले जाईल. विसाव्या डावापर्यंत एकदाही चुकले नाही तर पुढे जावे.

टप्पा ३: पहिले दोन पत्ते

बावन्न पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या बनतात. रंगांचा भेद सोडला तर त्या १६९ प्रकारांत बसतात. ही यादी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट मनात ठसवावी: समोर एकच भिडू असल्यामुळे पत्त्यांमधले अंतर आकसते. दोन एक्के कोणत्याही हाताविरुद्ध सरासरी ८५ टक्के वेळा जिंकतात, आणि सर्वांत टाकाऊ हात, म्हणजे वेगळ्या रंगांची दुर्री-तिर्री, तोही सुमारे ३२ टक्के वेळा जिंकतो. तीनातून एकदा कचरासुद्धा जिंकणार आहे, हे आधीच स्वीकारले तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

बटनवर नवशिक्याने चारांपैकी तीन हात खेळावेत आणि खेळायचे ठरले की दरवेळी अडीच बिग ब्लाइंडचा रेझ करावा, म्हणजे पैज तितकी वाढवावी. सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री, नव्वी-दुर्री असे वेगळ्या रंगांचे, एकमेकांपासून लांबचे पत्ते टाकावेत. चांगल्या पत्त्यांवर मोठा आणि मध्यम पत्त्यांवर लहान रेझ करणारा माणूस आपले पत्ते उलटे धरून बसल्यासारखाच असतो.

बिग ब्लाइंडमध्ये समोरून अडीचचा रेझ आला तर तुम्हाला दीड भरून एकूण पाचच्या पॉटसाठी लढायचे असते, म्हणजे ३० टक्के जिंकण्याची शक्यता पुरते. त्यामुळे साधारण दोन-तृतीयांश हात राखावेत आणि उत्तम हातांवर दहा-अकरा बिग ब्लाइंडपर्यंत पुन्हा रेझ करावा. काठावरचे हात मात्र जपून निवडावेत, कारण पुढे तिन्ही वेळा तुम्हाला आधी बोलायचे आहे आणि कागदावरचे ३० टक्के हातात पूर्ण पडत नाहीत.

टप्पा ४: पॉटचे गणित, एका डावातून

वाचक सर्वाधिक घाई या टप्प्यावर करतात, म्हणून इथे थांबून एक डाव पूर्ण पाहू. ब्लाइंड १० आणि २०, दोघांकडे दोन हजार चिप्स. तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये आहात आणि हातात बदामची नव्वी व बदामची अठ्ठी आहे. समोरच्याने बटनवरून ५० केले. तुम्ही ३० भरले, पॉट १००.

फ्लॉप: बदामचा राजा, किलवरची सत्ती, बदामची तिर्री. कलरला एक पत्ता कमी आहे आणि नऊ बदाम शिल्लक आहेत. तुम्ही चेक (काही न भरता पाळी पुढे देणे), समोरून ५० ची बेट, म्हणजे पैज. तुम्हाला ५० भरून २०० च्या पॉटसाठी लढायचे आहे, म्हणजे २५ टक्के हवेत. पुढच्या एका पत्त्यावर कलर लागण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्के. दोन्ही पत्ते पाहायला मिळाले तर ३५ टक्के. लागल्यावर आणखी चिप्स मिळण्याची शक्यता धरली तर कॉल योग्य आहे. पॉट २००.

टर्न: चौकटची दुर्री, उपयोगाची नाही. समोरून पूर्ण २००. आता तुम्हाला २०० भरून ६०० साठी लढायचे आहे: गरज ३३ टक्क्यांची, शक्यता ४६ पैकी ९, म्हणजे २० टक्क्यांच्या आत. कॉल बरोबरीत सुटायचा असेल तर कलर लागल्यावर रिव्हरवर सरासरी आणखी सुमारे ४२० चिप्स मिळायला हव्यात. टेबलावर तिसरे बदाम उघडे पडल्यानंतर समोरचा तितक्या देईल का? काही भिडू देतात. बहुतेक जण तिथे हात आखडतात. भिडूची ओळख नसेल तर फोल्ड.

समजा तुम्ही तरीही कॉल केला आणि रिव्हरवर बदामची राणी आली. तुम्ही बेट केली, समोरच्याने पत्ते टाकले, पॉट तुमचा. मनाला वाटते की निर्णय बरोबर होता. तो चुकीचाच होता. दर ४६ वेळांपैकी ३७ वेळा २०० गमावण्याच्या बदल्यात ९ वेळा ४०० मिळवण्याचा तो सौदा होता: ७,४०० देऊन ३,६०० घेणे. हा डाव पुढे वहीत पुन्हा येईल.

पाठ असायलाच हवेत असे आकडे थोडे आहेत. अर्ध्या पॉटच्या बेटला २५ टक्के, पूर्ण पॉटच्या बेटला ३३ टक्के शक्यता लागते. फ्लॉपवरून दोन्ही पत्ते धरून, दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स सुमारे ३१ टक्के वेळा लागतो आणि मधला एकच पत्ता हवा असलेला सिक्वेन्स सुमारे १६ टक्के वेळा. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरा पत्ता मिळणे साडेआठ वेळांतून एकदा घडते. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून चांगले तीनातून एकदाच लागते. समोरच्याचेही तसेच, म्हणून हेड्स-अपमध्ये एक जोडी हा मजबूत हात आहे आणि मोठ्या टेबलाच्या सवयीने ती टाकणे महाग पडते.

तपासणी: कॉलचे बटन दाबण्यापूर्वी 'भरायचे किती, एकूण पॉट किती' हे दोन आकडे सांगता आले नाहीत, तर तो कॉल गणिताने केलेला नाही.

टप्पा ५: समोरच्याची नोंद

यावर फार वेळ घालवू नये. पहिल्या तीस डावांत तीनच गोष्टी पाहाव्यात: बटनवरून तो किती वेळा फोल्ड करतो, बिग ब्लाइंडमधून किती वेळा पुन्हा रेझ करतो आणि फ्लॉपवर त्याच्या बेटला कॉल मिळाल्यावर टर्नला थांबतो की पुढे रेटतो. मोफत टेबलावर बहुतेक भिडू फोल्डच करत नाहीत. त्यांच्यापुढे बतावणीची बेट करणे म्हणजे चिप्स ओतून देणे. अशा भिडूपुढे चांगल्या हातावर मोठी बेट आणि वाईट हातावर चेक, एवढेच पुरते.

टप्पा ६: वही

वहीचे पान उभे दुमडावे. डाव्या बाजूला निर्णय आणि उजव्या घडीत निकाल लिहावा. वीस बिग ब्लाइंडपेक्षा जास्त पॉटचा प्रत्येक निर्णय नोंदवावा. चाळीस मिनिटांत असे सहा ते दहा निघतात. खेळताना फक्त डावाचा क्रमांक टिपावा आणि बाकीचे ॲपमधल्या डावांच्या नोंदीवरून उतरवावे. वरचा डाव असा दिसेल: 'पॉट २००, समोरून २००. गरज ३३, शक्यता २०. रिव्हरवर ४२० मिळतील? नाही. हवा होता फोल्ड. केला कॉल.' निकाल घडीच्या आत.

दुसऱ्या दिवशी घडी न उघडता प्रत्येक निर्णयापुढे 'बरोबर' किंवा 'चूक' लिहावे आणि मगच उजवी बाजू पाहावी. त्यातून चार खाने तयार होतात: बरोबर-जिंकलो, बरोबर-हरलो, चूक-जिंकलो, चूक-हरलो. लोक चौथ्या खान्यावर रडतात आणि दुसऱ्यावर चिडतात. घातक खाना तिसरा आहे, कारण तो कोणी वाचतच नाही.

सावधान: निकाल आधी पाहून निर्णयाला गुण दिले तर वहीचा काही उपयोग राहत नाही. मी पहिले तीन आठवडे नेमके तेच केले होते. तेव्हाच्या माझ्या नोंदींत जिंकलेला एकही निर्णय चुकीचा नाही.

टप्पा ७: सलग हार-जितीचे गणित

इथवर पन्नासेक पाने भरली असतील तरच हा टप्पा वाचण्यात अर्थ आहे. समजा एखादा भिडू खरोखरच चांगला आहे आणि १०० पैकी ५५ सामने जिंकण्याची त्याची कुवत आहे. अशा भिडूला शंभर सामन्यांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के आहे. म्हणजे पाच पराभवांवरून तो वाईट ठरत नाही. उलट बाजू अधिक बोलकी आहे: ज्याच्यात काहीच विशेष नाही, जो अगदी नाणेफेकीइतका ५०-५० आहे, त्यालाही शंभर सामन्यांत सलग पाच विजय मिळण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के आहे. पाच विजयांच्या आनंदात पद्धत पक्की झाली असे मानणाऱ्याने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

डावांच्या हिशेबातही हेच दिसते. शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड जिंकणारा भिडू घेऊ आणि शंभर डावांतला चढ-उतार, म्हणजे प्रमाण विचलन, १५० बिग ब्लाइंड धरू. दहा हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. एक लाख डावांनंतर ती सुमारे १५ टक्क्यांवर येते, शून्यावर नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या संगणक प्रणालीला चार व्यावसायिक भिडूंविरुद्ध हेड्स-अप खेळवले, तेव्हा फरक खात्रीने दिसावा म्हणून १,२०,००० डाव खेळावे लागले. आपण शनिवारच्या दोनशे डावांवरून काय ठरवणार?

परवानाधारक ठिकाणी पैसे लावणाऱ्यांच्या हिशेबात प्रवेशशुल्कही येते. दहाच्या सामन्याला अर्धा शुल्क असेल तर बरोबरीत सुटायलाच ५२.५ टक्के सामने जिंकावे लागतात. आपला ५५ टक्केवाला चांगला भिडू अशा शंभर सामन्यांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के आहे.

टप्पा ८: पराभवांची रांग चालू असताना

क्रम बदलू नये. आधी थांबणे, मग वही, मग निर्णय.

१. दोन स्टॅकचा कोटा संपला की टेबल बंद करावे. 'बरोबरीत आलो की उठतो' हे वाक्य मनात आले की कोटा शिल्लक असला तरी उठावे.

२. त्याच दिवशी वही उघडू नये. चिडलेला माणूस सर्वच निर्णय एक तर चूक ठरवतो किंवा सर्व दोष पत्त्यांवर टाकतो.

३. दुसऱ्या दिवशी शेवटच्या शंभर निर्णयांतल्या चुका मोजाव्यात आणि त्याआधीच्या शंभरांशी ताडून पाहाव्यात. प्रमाण तेच असेल तर खेळात काहीही बदलू नये. हीच पायरी सर्वांत अवघड जाते, कारण हरताना काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नाही.

४. चुका वाढल्या असतील तर त्या कोणत्या टप्प्यातल्या आहेत ते पाहावे आणि तेवढ्याच टप्प्यावर तीन बैठका घालाव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पोकर खेळणारे ज्याला टिल्ट म्हणतात, ती अवस्था स्वतःला ओळखता येत नाही. तिच्या खुणा मात्र ओळखता येतात. निर्णयाला लागणारा वेळ एकदम घटतो, पॉटचे दोन आकडे सांगता येत नाहीत, दुसरे टेबल उघडावेसे वाटते, समोरच्याला चॅटमध्ये काहीतरी सुनवावेसे वाटते. यांपैकी दोन खुणा दिसल्या की गजराची वाट पाहू नये.

सावधान: प्रश्न चिप्सचा न राहता खऱ्या पैशांचा, उसनवारीचा किंवा घरच्यांपासून लपवण्याचा झाला असेल, तर हा लेख पुरेसा नाही. खेळ पूर्ण थांबवून टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतही मिळते.

टप्पा ९: विजयांची रांग चालू असताना

जिंकताना कोणी मार्गदर्शन शोधत नाही, म्हणून बहुतेक वाईट सवयी याच काळात लागतात. मी एकदा सलग सात सामने जिंकलो आणि त्या आठवड्यात वही उघडलीच नाही. नंतर जुने डाव उतरवले, तेव्हा सातांपैकी तीन सामन्यांचा निर्णायक डाव 'चूक-जिंकलो' या खान्यात पडला. तोपर्यंत कलरसाठी पूर्ण पॉटचा कॉल करणे हा माझा नित्याचा खेळ झाला होता आणि तो मोडायला दोन महिने लागले.

म्हणून तीन सामने सलग जिंकले की चौथ्यापूर्वी वही भरावी, अन्यथा चौथा खेळू नये. रेझचा आकार अडीचवरून सरकला आहे का, बिग ब्लाइंडमधून फोल्ड करणे थांबले आहे का, हे पाहावे. विजय एकाच कमकुवत भिडूविरुद्धचे असतील तर त्यावर तशी खूण करावी, कारण ते फक्त त्याच्याबद्दल सांगतात.

वरच्या स्तराच्या टेबलावर जाण्याचा निर्णय जिंकलेल्या चिप्सवरून घेऊ नये. किमान तीनशे सामन्यांच्या नोंदी असाव्यात, शेवटच्या दोनशे निर्णयांत चुकांचे प्रमाण आधीच्या दोनशेंपेक्षा कमी झालेले असावे आणि 'चूक-जिंकलो' खान्यातला प्रत्येक डाव का चूक होता हे पान न पाहता सांगता यावे. वर गेल्यावर पहिले वीस सामने जुन्याच अडीच बिग ब्लाइंडच्या रेझने आणि जुन्याच चाळीस मिनिटांच्या गजराने खेळावेत, आणि त्यांची नोंद नव्या पानापासून वेगळी ठेवावी.